जुन्या व्हॅनच्या पोटातली ओल

आमच्या घरी २०१२ सालची एक ओम्नी व्हॅन आहे. २०१७ साली आम्ही दोघा भावांनी पैसे जमवून ती वापरलेलीच विकत घेतली. लग्नकार्य, बाजारहाट, शेजारच्या बाळंतिणीला रात्री दवाखान्यात पोचवणे, अशी सगळ्यांची कामे तिने केली. मात्र गेली दोन वर्षे तिचे मुख्य काम एकच आहे. वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार डायलिसिसला नेणे आणि परत आणणे.

डायलिसिस ज्यांच्या घरात आहे त्यांना ठाऊक असते की चार तास मशीनवर काढलेला माणूस बाहेर येतो तो अगदी गळून गेलेला असतो. कधी रक्तदाब उतरतो, कधी मळमळते. गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी परत येताना अण्णांना गाडीतच उलटी झाली. घरी पोचल्यावर त्यांना निजवले आणि आम्ही गाडीकडे वळलो. दोन बादल्या पाणी ओतले, कपडे धुण्याची पावडर टाकली, खराट्याने खसाखसा घासले. बाहेर पाऊस होता, म्हणून दारे बंद केली आणि कर्तव्य पार पडले असे समजून झोपलो.

मंगळवारी दार सरकवले तर आत कुबट, आंबूस वास. अत्तराची बाटली आणून आरशाला टांगली. त्याने वास गेला तर नाहीच, उलट अण्णांची मळमळ वाढली. मुले गाडीत बसली की नाकाला रुमाल लावत. कोणी काही बोलत नव्हते, पण अण्णांना दिसत होते. ऑक्टोबरात एके दिवशी ते म्हणाले, "मी रिक्षानं जाईन. माझ्यामुळं गाडी नासली. पोरांना का त्रास?"

आम्ही समजूत घातली, ते ऐकेनात. तीन आठवडे ते रिक्षाने गेले. खड्ड्यांच्या रस्त्यावर, सुया टोचलेला हात छातीशी धरून. तेव्हा आम्ही ठरवले की गाडीतला वास मुळापासून काढायचा. तो काढताना जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण जुनी व्हॅन ही आज अनेक कष्टकरी घरांची रुग्णवाहिका आहे, शाळेची गाडी आहे आणि पोटापाण्याचे साधनही आहे.

ओम्नी आता सगळ्या जुन्याच

ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली. १९८८ साली तिला 'ओम्नी' हे नाव मिळाले. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. तिची रचना लक्षात घेतली तर सफाईचे निम्मे गणित सुटते. तळ सपाट आहे, बाजूची दारे सरकती आहेत आणि इंजिन पुढच्या सीटखाली आहे.

सपाट तळावर सांडलेले पाणी पसरते आणि मिळेल त्या खोलगट जागेत जाऊन बसते. सरकत्या दाराच्या खालच्या पन्हाळीत माती साचते, दाराचे रबर झिजते आणि पावसाचे पाणी आत झिरपते. पुढच्या सीटखाली इंजिन आणि विजेच्या तारा असल्यामुळे तिथे पाण्याचा पाइप धरणे म्हणजे नवे दुखणे विकत घेणे होय.

आधी उचला, मग धुवा

नोव्हेंबरात पाऊस पुरता गेल्यावर आम्ही कामाला लागलो. शनिवारी संध्याकाळी अण्णा परत आले की मंगळवार सकाळपर्यंत गाडी मोकळी, एवढीच मुदत हाती होती. त्याआधी एका वॉशिंग सेंटरवर चौकशी केली होती. तिथे ३,५०० रुपये सांगितले. "गालिचा उचलून खालून साफ करणार का?" असे विचारल्यावर उत्तर आले, "वरून एकदम चकाचक करून देतो." तेव्हा आम्ही नमस्कार करून निघालो.

प्रथम गाडीतले सगळे सामान बाहेर काढले. मग पान्याने बोल्ट सोडवून मागच्या सीटा उतरवल्या. सोडवण्यापूर्वी मुलीने मोबाइलवर प्रत्येक जागेचा फोटो घेतला आणि बोल्ट एका डब्यात ठेवले, म्हणून परत बसवताना शोधाशोध झाली नाही. एक सूचना इथेच द्यायला हवी. एअरबॅग असलेल्या नव्या गाडीत सीटखाली पिवळ्या रंगाची जोडणी दिसली तर तिला हात लावू नये, ते काम मेकॅनिककडेच द्यावे.

सीटा निघाल्यावर आधीच्या मालकाने बसवलेला गालिचा मोकळा झाला. कोपरा धरून उचलला आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. गालिच्याखाली नमद्याचा जाड थर होता. पाऊस जाऊन तीन आठवडे झाले होते, तरी तो ओला होता. पिळला तर काळे पाणी गळले. त्यावर बुरशीचे ठिपके होते आणि खालच्या पत्र्याला तळहाताएवढा गंज चढला होता. ही सगळी घाण डाव्या बाजूच्या सरकत्या दारापाशी होती. अण्णा बसत ते उजव्या खिडकीशी. त्यांच्या सीटखालचा नमदाही दमट होता, पण ते पाणी आमच्या दोन बादल्यांचे होते.

सारांश, वासाचा धनी कोण, हे तिथेच ठरले. एक, दाराच्या फाटक्या रबरातून कित्येक पावसाळे झिरपलेले पाणी. दोन, आम्ही घाईने ओतलेले पाणी. अण्णांची उलटी हे फक्त निमित्त होते.

गळती शोधण्याची साधी रीत

कारण न शोधता केलेली सफाई पुढच्या पावसापर्यंतच टिकते. आम्ही केले ते असे. गालिचा काढलेल्या कोरड्या तळावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली. पुतण्या बॅटरी घेऊन आत बसला, दारे लावून घेतली आणि बाहेरून आम्ही पाइपने दारांवर आणि काचांवर हलके पाणी सोडले. पाणी खालून वर न्यावे, म्हणजे कोणत्या उंचीला गळते ते कळते. पाचव्या मिनिटाला आतून हाक आली, "काका, इथला पेपर भिजला!" दाराच्या खालच्या कोपऱ्यातले रबर दोन बोटे फाटले होते.

जाणकारांनी आणखी काही जागा तपासाव्यात. पुढच्या काचेचे रबर, मागच्या दाराचे रबर, तळाच्या भोकांना लावलेली रबरी बुचे आणि ए.सी. असल्यास त्याचे पाणी बाहेर टाकणारी नळी. ही नळी कचऱ्याने तुंबली की पाणी गाडीतच उतरते.

कोरडे काम निम्मे काम

धुळीवर पाणी टाकले की चिखल होतो, आणि तो चिखल धाग्यांच्या बुडाशी जाऊन बसतो. ऑगस्टमध्ये आम्ही नेमके तेच केले होते. या वेळी गालिचा दोरीवर टाकला आणि पाठीमागून काठीने झोडपला. निघालेली धूळ पाहून शेजारी गॅलरीत आले. मग कडक ब्रशने एका दिशेने झाडला आणि शेजाऱ्यांकडून आणलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतला. सीटांच्या शिवणींत जुना दात घासायचा ब्रश फिरवला. धूळ आणि बुरशी झाडताना नाकातोंडाला मास्क लावावा आणि काम उघड्यावर करावे. घरात दम्याचे कोणी असेल तर त्याला त्या वेळी दूर ठेवावे.

बुरशी लागलेला नमदा मात्र धुऊन वाचत नाही. तो आम्ही टाकून दिला. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा नमदाही टाकूनच द्यावा, कारण पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या बुडाल्या. अशा प्रत्येक पुरानंतर काही बुडालेल्या गाड्या वरून चकाकवून विक्रीला येतात. म्हणून जुनी व्हॅन घेताना सीटकव्हरचा रंग पाहण्याआधी गालिच्याचा कोपरा उचलून पाहावा. खाली वाळलेला गाळ किंवा गंज दिसला तर समजून घ्यावे.

पाणी कमी, फेस जास्त

एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा सौम्य द्रव साबण पुरतो. हाताने ढवळून फेस काढावा आणि ब्रशला तो फेसच लावावा. एका वेळी हातभर जागा घ्यावी, घासावी आणि मळ वर आला की लगेच पांढऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. नंतर साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसावे. साबण आत राहिला तर धागे चिकट होतात आणि धूळ अधिक लवकर धरतात. अखेरच्या पुसण्याच्या पाण्यात लिटरला दोन चमचे व्हिनेगर टाकले तर साबणाचा उरलेला अंश निघायला मदत होते.

सुटा काढलेला गालिचा भरपूर पाण्याने धुता येतो, कारण तो दोरीवर वाळतो. सीट तशी धुता येत नाही. सीटच्या आत फोम असतो. तो पाणी पितो आणि दिवसच्या दिवस सोडत नाही. रेक्झीनच्या सीटचेही तसेच आहे. वरून पाणी निथळते, पण शिवणीतून आत उतरते. रेक्झीनवर पेट्रोल किंवा थिनर कधीही वापरू नये. त्याने रेक्झीन कडक होऊन तडकते. शिवाय बंद गाडीत पेट्रोलची वाफ साचते, आणि एका ठिणगीने अनर्थ होऊ शकतो. गॅसकिट असलेल्या गाडीत तर दुप्पट काळजी घ्यावी.

डाग तसा उपाय

रुग्ण नेणाऱ्या गाडीत रक्ताचे डाग पडतातच. डायलिसिसनंतर सुईच्या जागेवरची पट्टी सैल झाली तर सीटवर थेंब पडतात. रक्ताला नेहमी थंड पाणी वापरावे. गरम पाण्याने ते धाग्यात पक्के बसते. डाग बाहेरच्या कडेकडून आत टिपत यावे, चोळू नये. औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते, पण ते रंगही उडवते, म्हणून सीटच्या मागच्या बाजूला थेंबभर लावून आधी पाहावे. आणि हातमोजे घातल्याशिवाय रक्ताला हात लावू नये. हिपॅटायटीस बी या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरू शकतो. गाडी दुसऱ्याकडून धुऊन घेणार असाल तर त्याला डाग कशाचा ते स्पष्ट सांगावे आणि त्याच्या हातातही मोजे द्यावेत. ती आपली जबाबदारी आहे.

उलटी झाली तर प्रथम जाड पुठ्ठ्याने वरचा भाग उचलून घ्यावा. थंड पाण्याच्या फडक्याने टिपावे. मग खाण्याचा सोडा जाड पसरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी ओढून काढावा. उलटीचा वास आम्लांचा असतो, सोडा त्यांना मारतो.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आपल्या घरातल्या बायकांना सांगायला नको. तो डाग पाण्याने टिपून उन्हात ठेवावा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर टाकून काही तास ठेवावी, ती तेल शोषून घेते, मग साबणाचा फेस लावावा. च्युइंगमवर बर्फ धरावा, ते कडक झाले की खरवडून निघते.

दोन गोष्टी निक्षून सांगतो. ब्लीच आणि आम्ल, तसेच ब्लीच आणि अमोनियाचे द्रव, कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो आणि गाडीची जागा लहान असते. व्हिनेगर हेही आम्लच आहे, हे विसरू नये. दुसरे असे की वास दाबण्यासाठी डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. त्यांची वाफ बंद जागेत श्वासाला बरी नव्हे. वासावर वास चढवणे हा उपायच नव्हे.

खरी सफाई म्हणजे वाळवणे

ओली वस्तू चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळली नाही तर बुरशी धरू लागते. आम्ही ऑगस्टमध्ये ओली गाडी बंद करून ठेवली होती, म्हणजे बुरशीला खोलीच भाड्याने दिली होती. म्हणून हे काम पावसाळा संपल्यावर किंवा उन्हाळ्याच्या तोंडी, सकाळी लवकर सुरू करावे. सीटा उन्हात उभ्या ठेवल्या, दर दोन तासांनी बाजू बदलली, रात्री घरात पंख्याखाली ठेवल्या. गाडीची सगळी दारे दिवसभर उघडी ठेवली. फोम वाळला की नाही हे वरून हात फिरवून कळत नाही. टिपकागद किंवा वर्तमानपत्र ठेवून त्यावर गुडघा दाबावा. कागद कोरडा राहिला तरच सीट वाळली.

दरम्यान गंजलेला पत्रा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासला, पुसून कोरडा केला, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले आणि वर रंग लावला. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा गाडीची तपासणी होते. तळ सडला असेल तर तिथे अडते. आमच्या गाडीची ती वेळ जवळ येत आहे. गालिच्याखाली न पाहता आणखी दोन पावसाळे काढले असते तर दुरुस्तीचा खर्च आम्हाला झेपला नसता.

आता हिशोब. नवा नमदा ६२० रुपये, दाराचे रबर ५४०, रेड ऑक्साइड, रंग, पॉलिश पेपर आणि रंगाचा ब्रश ३८५, हातमोजे आणि मास्क १२०, साबण, सोडा, व्हिनेगर आणि घासायचे ब्रश २००. एकूण १,८६५ रुपये आणि घरातल्या पाच माणसांचे दोन रविवार. नमदा आणि गालिचा आम्ही दुसऱ्या रविवारीच घातला. मधला आठवडा गाडी उघड्या तळाने धावली, कारण रंग पुरता वाळल्याशिवाय त्यावर काही अंथरायचे नव्हते.

मंगळवारची सकाळ

सोमवारी संध्याकाळी आम्ही अण्णांना खाली बोलावले. गालिचा अजून निघालेलाच होता. आम्ही त्यांना डाव्या दाराखालची रंगवलेली जागा दाखवली, फाटके रबर हातात दिले आणि काढलेल्या नमद्याचा एक तुकडा मुद्दाम ठेवला होता, तो समोर धरला.

"अण्णा, वास याचा होता. तुमचा नव्हता. आणि वरून आम्ही पाणी ओतलं."

त्यांनी तुकडा नाकाशी नेला आणि तोंड फिरवले. मग बराच वेळ रबराची चीर बोटाने चाचपत राहिले. "मग तीन आठवडे मला रिक्षात का हिंडवलं?" एवढेच म्हणाले. ते हसत होते, पण आम्हाला ते हसू सोसवले नाही. रिक्षाने जाण्याचा हट्ट त्यांचा होता हे खरे, पण गालिच्याचा कोपरा आम्ही पहिल्याच दिवशी उचलून पाहिला असता तर त्या हट्टाची वेळच आली नसती.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या खिडकीशी जाऊन बसले. पायाखाली नुसता रंगवलेला पत्रा होता, खडखड होत होती. नातीने नाकाला रुमाल लावला नाही, हे त्यांनी पाहिले आणि आम्हीही पाहिले.

आता गाडीत एक जुना टॉवेल, प्लास्टिकच्या पिशव्या, हातमोज्यांची जोडी आणि सोड्याचा डबा कायम असतो. अण्णांच्या सीटवर धुता येईल असे सुती आच्छादन घातले आहे. आणि गाडीची एक जबाबदारी अण्णांनी स्वतःकडे घेतली आहे. दर रविवारी ते डाव्या दाराशी गालिच्याखाली वर्तमानपत्राची घडी सरकवतात आणि पुढच्या रविवारी काढून उजेडात धरतात. कोरडी निघाली की वरूनच ओरडून सांगतात.

वाचकहो, आपल्या घरी जुनी गाडी असेल आणि तीत म्हातारे माणूस, आजारी माणूस किंवा लहान मूल बसत असेल, तर या रविवारी एवढेच करा. पाण्याची बादली बाजूला ठेवा आणि गालिच्याचा एक कोपरा उचलून पाहा. आणि गाडीत वास येतो म्हणून कोणा माणसाकडे बोट दाखवण्याआधी खालची ओल शोधा. डाग धुऊन निघतो. आपल्यामुळे घरच्यांना त्रास होतो, हे एकदा म्हाताऱ्या माणसाच्या मनात बसले की ते काढणे फार कठीण जाते.